हात बसलेला सर्जन

१७९० सालच्या नोव्हेंबरमध्ये पुण्यात एका गेंड्याचं चित्र काढलं गेलं. चित्रकार होता गंगाराम चिंतामण तांबट, आणि चित्र काढून घेणारा होता चार्ल्स मॅलेट, ईस्ट इंडिया कंपनीचा पेशवे दरबारातला वकील. पर्वतीच्या पायथ्याशी पेशव्यांचा शिकारखाना होता, हा गेंडा तिथला. चित्र आता अमेरिकेत, येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कलासंग्रहालयात आहे. फोनवर शोधलंत तर दोन मिनिटांत सापडेल.

त्या गेंड्याच्या गळ्यात, थायरॉइडला चिकटून, काही बारीक पिवळट दाणे होते. ते गंगारामला माहीत नव्हते, मॅलेटला नव्हते, आणि तेव्हाच्या जगातल्या एकाही वैद्याला किंवा डॉक्टरला नव्हते. तसे दाणे माणसाच्याही गळ्यात असतात. नाना फडणवीसांच्या गळ्यात होते, तुमच्याही आहेत.

ते पहिल्यांदा नजरेस पडले ते पुन्हा एका भारतीय गेंड्यामुळेच. लंडनच्या प्राणिसंग्रहालयाने १८३४ साली भारतातून आलेला एक गेंडा विकत घेतला. तो तिथे पंधरा वर्षं जगला आणि १८४९ च्या अखेरीस मेला. त्याचं विच्छेदन केलं रिचर्ड ओवेनने. 'डायनोसॉर' हा शब्द ज्याने घडवला तोच हा ओवेन. एवढं अवाढव्य जनावर फाडताना त्याला थायरॉइडपाशी एक लहानसा, घट्ट, पिवळा ग्रंथीसारखा गोळा दिसला. त्याने त्याची नोंद केली आणि तो पुढे गेला. मला या गोष्टीचं नेहमी नवल वाटतं. टनावारी मांसात हरवून जाईल एवढीशी गोष्ट, पण बघणाऱ्याने आयुष्यभर इतकी जनावरं फाडली होती की 'हे नेहमीचं नाही' हे त्याच्या डोळ्यांनी लगेच टिपलं.

या ग्रंथींना पॅराथायरॉइड म्हणतात, मराठी परिभाषेत परावटू. बहुतेकांना चार असतात, प्रत्येकी साधारण तांदळाच्या दाण्याएवढी. थायरॉइडच्या शेजारी राहतात म्हणून ते नाव, बाकी थायरॉइडच्या कामाशी त्यांचा काही संबंध नाही. त्यांचं काम एकच: रक्तातलं कॅल्शियम सांभाळणं. कॅल्शियम कमी पडलं की त्या पीटीएच नावाचं हार्मोन सोडतात आणि हाडांतून, मूत्रपिंडांतून, आतड्यांतून कॅल्शियम गोळा करून आणतात. कधीकधी चारातली एक बिघडते, फुगते, आणि गरज नसताना हार्मोन ओतत राहते. ही गाठ बहुतेक वेळा कॅन्सरची नसते. पण ती हाडं पोखरते, मूत्रपिंडात खडे करते, पोट बिघडवते, माणसाला कायमचं थकलेलं आणि उदास करते. कायमचा इलाज एकच, ती गाठ काढणं. आणि खरी अडचण तिथेच आहे, कारण काढण्याआधी ती सापडावी लागते.

मी हे वाचायला लागले माझ्या मावशीमुळे. मावशी सिंहगड रोडला राहते, वय अठ्ठावन्न, बँकेतून निवृत्त. दोनदा मुतखडा झालेला, एकदा नुसतं ठेचकाळून मनगटाचं हाड मोडलेलं, आणि बाकी वेळ एक थकवा, ज्याला घरात सगळे 'वय' म्हणायचे. शेवटी एका तरुण डॉक्टरीणबाईंनी विचारलं, मुतखडा आणि फ्रॅक्चर एकाच माणसाला का? कॅल्शियम तपासलं तर ११.८. ते साधारण साडेदहाच्या आत असावं लागतं. पीटीएच नेहमीच्या तिप्पट. निदान आठवड्यात झालं.

मग प्रश्न आला, ऑपरेशन कोणाकडे करायचं?

पुण्यात या प्रश्नाचं उत्तर ओळखीतून येतं. फॅमिली ग्रुपवर संध्याकाळपर्यंत अकरा नावं जमली. एकाचा हात फार हलका, एकाचं स्वतःचं हॉस्पिटल, एक आमच्या काकांच्या वर्गातले, आणि एक नाव तर 'फार गोड बोलतात' एवढ्याच भांडवलावर आलेलं. या ऑपरेशनचा त्यांचा अनुभव किती, हे अकरापैकी एकाही नावासोबत आलं नव्हतं. आम्ही पहिल्यांदा ज्या सर्जनना भेटलो ते अतिशय सज्जन होते. मावशीने विचारल्यावर त्यांनी सरळ सांगितलं, "थायरॉइडची भरपूर करतो. पॅराथायरॉइड म्हणाल तर वर्षाला एखादं."

तो 'एखादं' शब्द मला झोपू देईना. मी इतिहासाची विद्यार्थिनी. मला दुसरं काही येत नाही, म्हणून मी या ऑपरेशनचा इतिहास वाचायला घेतला.

माणसाच्या शरीरात ही ग्रंथी शोधली स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठातल्या इव्हार सँडस्ट्रॉम नावाच्या मुलाने. मुलगाच म्हणायचं, कारण तेव्हा तो वैद्यकाचा विद्यार्थी होता. १८७७ साली त्याला ती आधी कुत्र्यात दिसली. मग त्याने माणसांची पन्नास प्रेतं तपासली आणि १८८० साली निबंध छापला, स्वीडिश भाषेत, स्थानिक वैद्यक मंडळाच्या पत्रिकेत. फारसं कोणी वाचलं नाही. १८८९ साली सदतिसाव्या वर्षी त्याने आत्महत्या केली. ही ग्रंथी कशासाठी असते हे तेव्हा अजून कोणाला कळलेलं नव्हतं.

गंमत अशी की सर्जन लोकांची या ग्रंथीशी गाठ नकळत रोज पडत होती. त्या काळात गलगंडाची, म्हणजे फुगलेल्या थायरॉइडची ऑपरेशनं युरोपात जोरात सुरू झाली होती. दोन मोठी नावं होती, व्हिएन्नाचा बिलरोथ आणि बर्नचा कोखर. दोघेही नामांकित. पण त्यांच्या रुग्णांना वेगवेगळे त्रास व्हायचे. बिलरोथच्या काही रुग्णांची ऑपरेशननंतर बोटं आखडायची, झटके यायचे, काही जण दगावायचे. कोखरच्या रुग्णांना हे क्वचित व्हायचं. उलट ते काही महिन्यांनी सुस्त, सुजलेले, मंद होत जायचे. अमेरिकन सर्जन हॉलस्टेडने दोघांची ऑपरेशनं पाहिली होती, आणि पुढे त्याने याचा उलगडा लिहून ठेवला. बिलरोथचा हात वेगवान. त्यात थायरॉइडचे तुकडे मागे राहायचे, पण शेजारच्या पॅराथायरॉइड दुखावल्या जायच्या किंवा निघून यायच्या. कोखरचा हात सावकाश आणि नीटस, जवळपास रक्त न सांडता. तो थायरॉइड पूर्ण काढायचा, आणि ज्यांचं नावही त्याला ठाऊक नव्हतं त्या पॅराथायरॉइड जागच्या जागी राहायच्या. एकाच ऑपरेशनचे दोन आजार, हाताच्या वळणावरून ठरलेले.

कोखरची पुढची गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. त्याने आपल्या जुन्या रुग्णांना पत्रं पाठवून परत बोलावलं, तपासलं, आणि आपणच थायरॉइड पूर्ण काढून त्यांचं नुकसान केलंय हे १८८३ साली जाहीरपणे मांडलं. मग पद्धत बदलली. आयुष्यभरात त्याने थायरॉइडची पाच हजारांच्या वर ऑपरेशनं केली, आणि सुरुवातीला शंभरात डझनभर रुग्ण दगावत होते ते प्रमाण एक टक्क्याच्या खाली आणलं. १९०९ साली त्याला नोबेल मिळालं. पण पाच हजार हा आकडा एकटा पुरेसा नाही. तीच चूक पाच हजार वेळा करणारेही असतात. परत बोलावून बघितलं म्हणून तो आकडा कामाचा झाला.

पॅराथायरॉइडची गाठ मुद्दाम काढण्याचं पहिलं यशस्वी ऑपरेशन १९२५ साली व्हिएन्नात झालं. रुग्ण होता अल्बर्ट, ट्रामचा कंडक्टर. हाडं इतकी ठिसूळ की मांडीचं हाड मोडलेलं, वेदनेने उभं राहवत नव्हतं. सर्जन फेलिक्स मांडल. तेव्हाची समजूत उलटी होती. हाडं खराब होतात म्हणून ग्रंथी फुगते, असं बहुतेकांना वाटायचं. म्हणून मांडलने आधी त्याला बाहेरून आणखी पॅराथायरॉइड दिली, अर्क दिला, दुसऱ्या माणसाची ग्रंथीसुद्धा बसवून पाहिली. काही फरक पडला नाही. मग गळा उघडला, गाठ सापडली, काढली. अल्बर्ट पुन्हा चालू लागला. काही वर्षांनी दुखणं परत आलं. मांडलने पुन्हा गळा उघडला, पण या वेळी काही हाती लागलं नाही, आणि अल्बर्ट गेला. इतिहासाची पुस्तकं पहिल्या ऑपरेशनपाशी थांबतात. मावशीच्या फाइलसोबत वाचत असल्यामुळे मी दुसऱ्यापाशी थांबले.

आणि मग चार्ल्स मार्टेल. पॅराथायरॉइडच्या इतिहासात याच्याइतका हट्टी रुग्ण दुसरा नाही. अमेरिकन व्यापारी जहाजावरचा कप्तान, सहा फुटांच्या वर उंच, धिप्पाड. विशीत असताना हाडं दुखायला लागली, मोडायला लागली, पाठीचा कणा दबत गेला. काही वर्षांत त्याची उंची जवळपास सात इंच कमी झाली. १९२६ साली न्यूयॉर्कमध्ये निदान झालं आणि त्याला बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये पाठवलं. तिथे गळा उघडला. फुगलेली ग्रंथी सापडेना, म्हणून एक चांगली ग्रंथी काढली. काही दिवसांनी दुसरी बाजू उघडली. तिथेही तेच, आणखी एक चांगली ग्रंथी गेली. १९२९ साली न्यूयॉर्कमध्ये तिसरं ऑपरेशन, व्यर्थ. १९३२ साली बोस्टनमध्ये पुन्हा तीन, गळ्यातच, व्यर्थ.

गाठ मग होती कुठे? याचं उत्तर आपण जन्मायच्या आधीचं आहे. गर्भात या ग्रंथी जबड्याखाली तयार होतात आणि खाली उतरत गळ्यात येतात. वरच्या दोघी फार भटकत नाहीत. खालच्या दोघी मात्र थायमस नावाच्या ग्रंथीचं बोट धरून उतरतात, आणि थायमसला जायचं असतं छातीत. एखादी वेळेवर बोट सोडत नाही, आणि थेट छातीत, हृदयाच्या वरच्या अंगाला जाऊन बसते. कधी ती थायरॉइडच्या पोटातच शिरलेली असते, कधी अन्ननलिकेच्या मागे, कधी वर जबड्यापाशीच राहिलेली. त्यातून रंग चरबीसारखा, आकार लिम्फच्या गाठीसारखा. शेजारून आवाजाची नस जाते, तिला धक्का लागला की आवाज बसू शकतो, कधी कायमचाही. म्हणजे पोत्यातून हरभरा निवडण्याचं काम, आणि पोतं जिवंत.

बोस्टनच्या शेवटच्या फेरीत दोन सर्जन होते, एडवर्ड चर्चिल आणि त्याच्या हाताखालचा तरुण ऑलिव्हर कोप. चर्चिलने कोपला आधी शवागारात पाठवलं. प्रेतामागून प्रेत उघडून या ग्रंथी कुठे कुठे असतात, बोटांना कशा लागतात, चरबीतून वेगळ्या कशा ओळखायच्या हे त्याने शिकावं, मगच जिवंत माणसाला हात लावावा. इकडे मार्टेल स्वतः शरीररचनेची पुस्तकं वाचत होता. सहा ऑपरेशनं होऊनही त्याने सांगितलं, छाती उघडा. नोव्हेंबर १९३२ मध्ये सातव्या वेळी छातीचं हाड कापून आत पाहिलं, आणि तिथे ती सुमारे तीन सेंटीमीटरची गाठ बसलेली होती.

ही गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं. तोवर त्याची मूत्रपिंडं खड्यांनी निकामी होत आली होती. अडकलेल्या खड्यासाठी आणखी एक ऑपरेशन करावं लागलं, आणि गाठ सापडल्यावर सहा आठवड्यांच्या आत कप्तान मार्टेल गेला. पण त्या शवागारातल्या महिन्यांमधून आणि त्या सात ऑपरेशनांमधून पॅराथायरॉइड सर्जरी नावाची वेगळी विद्या उभी राहिली. कोपकडे पुढे असे रुग्ण येत गेले आणि बरे होऊन परत जात राहिले.

इथपर्यंत वाचल्यावर माझ्या डोक्यात सारखं पुणंच येत होतं. कारण 'हे एकच काम येणारा माणूस शोधा' ही गोष्ट याच गावात, त्याच गेंड्याच्या चित्राच्या काळात, त्याच मॅलेटच्या ओळखीपाळखीत एकदा घडून गेली आहे.

तिसरं म्हैसूर युद्ध. कंपनीच्या फौजेबरोबर रसदीचे बैल हाकणारा एक मराठी शेतकरी होता. इंग्रजी कागदांत त्याचं नाव 'कावसजी' असं आलंय. १७९२ साली तो टिपूच्या माणसांच्या हाती सापडला. त्यांनी त्याचं नाक आणि एक हात कापून त्याला सोडून दिलं. वर्षभर तो नाकाशिवाय राहिला. मग १७९३ साली पुण्याजवळच्या एका माणसाने त्याला नवं नाक बसवून दिलं. तो माणूस वैद्य नव्हता, हकीम नव्हता. कागदांत लिहिलंय, विटा पाडणाऱ्या जातीचा. म्हणजे बहुधा कुंभार.

त्याची पद्धत मुंबई इलाख्यातल्या दोन इंग्रज डॉक्टरांनी, थॉमस क्रूसो आणि जेम्स फिंडले यांनी पाहिलेली होती. आधी मेणाचं पातळ नाक करून ते कापलेल्या जागी बसवून बघायचं. मग ते उलगडून कपाळावर सपाट ठेवायचं आणि त्याच्या कडेने रेघ मारायची. रेघेवरून कपाळाची कातडी सोलायची, पण भुवयांच्या मधली एक पट्टी तशीच ठेवायची, म्हणजे रक्त चालू राहतं. ती कातडी पीळ देऊन खाली वळवायची, जुन्या नाकाच्या कडा खरवडून त्यांत खाचेत बसवायची. टाके नाहीत. काथ पाण्यात कालवून कापडाच्या पट्ट्यांना लावायचा आणि त्या एकावर एक चिकटवायच्या. चार दिवसांनी त्या काढून तुपात भिजवलेल्या पट्ट्या. पाच-सहा दिवस रुग्णाने उताणं पडून राहायचं. दहाव्या दिवशी नाकपुड्यांत मऊ कापडाच्या वाती, म्हणजे भोकं बुजत नाहीत. पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास ती पट्टी कापून टाकायची. विड्याच्या पानातला काथ, देवघरातलं तूप आणि मेण.

व्हॉट्सॲपवर 'प्लास्टिक सर्जरी आमचीच' असं सांगणारा संदेश दर दोन महिन्यांनी येतो आणि त्यात सुश्रुत असतोच. सुश्रुतसंहितेत नाक जोडण्याची रीत आहे, पण तिथे कातडी गालाची घ्यायला सांगितली आहे. पुण्यातली कपाळाची. पोथीतून कुंभारापर्यंत ती कशी बदलत आली हा वेगळा विषय. मला सुश्रुतातलं दुसरंच काही जास्त आवडतं. तो शिष्यांना सांगतो, माणसाला हात लावण्याआधी भोपळ्यावर, कलिंगडावर, काकडीवर कापायचा सराव करा. म्हणजे बोस्टनचं शवागार आणि सुश्रुताची भाजीची टोपली यांतला विचार एकच.

कुंभाराला ही विद्या आली कशी? काम येत होतं म्हणून. नाक कापणं ही तेव्हा सर्रास शिक्षा होती. व्यभिचाराला नाक, चोरीला नाक, युद्धात पकडलं तर नाक. इतकी नाकं कापली जात होती म्हणून ती बसवणारा एक माणूस पोटापुरता धंदा करू शकत होता, आणि त्याच्याकडे पोरगा शिकू शकत होता. अनुभव हवेत तयार होत नाही. दुःखाचा पुरवठा लागतो. हे लिहायला बरं वाटत नाही, पण हिशोब तसाच आहे.

पुढचं बहुतेकांना ठाऊक असतं. मॅलेटच्याच वर्तुळातला चित्रकार जेम्स वेल्स, शनिवारवाड्यात चित्रशाळा काढून गंगारामसारख्यांना शिकवणारा, त्याने जानेवारी १७९४ मध्ये कावसजीचं चित्र काढलं. ते छापलं गेलं. ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या 'जेंटलमन्स मॅगझिन'मध्ये ही हकीकत चित्रासह आली. ती वाचून जोसेफ कार्प्यू नावाच्या सर्जनने या पद्धतीचा ध्यास घेतला, प्रेतांवर सराव केला, आणि १८१४ साली एका लष्करी अधिकाऱ्याला पुण्याच्या रीतीने नाक बसवलं. १८१६ साली त्याचं पुस्तक आलं आणि युरोपभर ही पद्धत पसरली.

चित्र काढणाऱ्याचं नाव आपल्याला माहीत आहे. बघणाऱ्या दोन्ही डॉक्टरांची आहेत, मासिकाचं आहे, रुग्णाचंही आहे. ज्याने नाक बसवलं त्याचं नाव त्या मजकुरात नाही, फक्त जात आहे.

पण त्याच्या गिऱ्हाइकांना एक सोय होती, आणि ती मावशीला नव्हती. कुंभाराचं काम चेहऱ्यावर दिसायचं. त्याने बसवलेलं नाक घेऊन माणूस बाजारात हिंडायचा. ज्याला हवं त्याने बघावं, कसं बसलंय, कितीदा बसलंय, कोणाचं गळून पडलं. पॅराथायरॉइडचं तसं नाही. गळ्यावरचा व्रण तर दोघांचाही सुंदर असतो, गाठ सापडलेल्याचा आणि न सापडलेल्याचाही. खरं उत्तर रक्तात असतं. ऑपरेशननंतर सहा महिने कॅल्शियम नीट राहिलं तरच आजार गेला असं म्हणतात. आणि सहा महिन्यांनी परत बोलावून ते तपासणारा, लिहून ठेवणारा सर्जन नसेल, तर आपल्या हातचं किती यशस्वी झालं हे त्यालाही माहीत नसतं. गोड बोलण्यावरून ते आम्हाला कसं कळणार होतं?

मावशीच्या स्कॅनमध्ये गाठ दिसली नव्हती. घरात त्यावरून घबराट. 'स्कॅनमध्येच नाही तर काढणार काय?' आता सोनोग्राफी असते, सेस्टामिबी नावाचा स्कॅन असतो, त्याहून नवे प्रकार आहेत. त्यांचा उपयोग होतो, कारण जागा कळली तर लहान छेदात काम भागतं. पण निदान स्कॅनवरून होत नाही, ते कॅल्शियम आणि पीटीएचवरून होतं. स्कॅन हा नकाशा आहे, आणि तो कोराही येऊ शकतो. जॉन डॉपमन नावाचा अमेरिकेतला नामांकित रेडिओलॉजिस्ट होता. हरवलेल्या पॅराथायरॉइड स्कॅनमध्ये शोधण्यात त्याचा हातखंडा. त्याने म्हणून ठेवलंय की पहिल्यांदा ऑपरेशन होणाऱ्या रुग्णासाठी शोधायची गोष्ट एकच, अनुभवी पॅराथायरॉइड सर्जन. स्वतःच्या धंद्याविरुद्ध दिलेली साक्ष म्हणून मी ती जास्त मानते.

२०१० साली अमेरिकेत फसलेल्या ऑपरेशनांचा एक अभ्यास झाला. मला वाटलं होतं, फसलेली म्हणजे मार्टेलसारखी छातीतली अवघड प्रकरणं असतील. अनुभवी केंद्रांत बहुतांशी तसंच होतं. पण जिथे ही ऑपरेशनं कमी होतात तिथे राहून गेलेली गाठ बऱ्याचदा अगदी नेहमीच्या जागीच निघाली. समोर होती, आणि ओळखू आली नाही.

भारतात या आजाराचं रूप पाश्चात्त्य देशांपेक्षा वेगळं राहिलं आहे. तिकडे १९७० च्या दशकापासून रक्ताच्या साध्या तपासणीत कॅल्शियम सरसकट बघू लागले, त्यामुळे आजार त्रास द्यायच्या आधीच सापडतो. आपल्याकडे अनेकदा हाडं मोडल्यावर, खडे झाल्यावर सापडतो, रुग्ण तुलनेने तरुण असतात, आणि ड जीवनसत्त्वाच्या कमतरतेने हाडांचे हाल आणखी वाढतात. लखनौच्या संजय गांधी संस्थेने एंडोक्राइन सर्जरीचा वेगळा विभाग काढून सर्जन घडवायला सुरुवात केली, तेव्हा हा शब्दही आपल्याकडे नवा होता. चंदीगडच्या पीजीआयच्या पुढाकाराने भारतातल्या अशा रुग्णांची नोंदवहीही ठेवली जाते. आता मोठ्या शहरांत फक्त हेच काम करणारे सर्जन आहेत. फक्त ते फॅमिली ग्रुपवर येत नाहीत, कारण काकांच्या वर्गात नव्हते.

त्यांच्यापर्यंत आम्ही पोचलो ते त्या पहिल्या सज्जन सर्जनमुळेच. "मी करू शकेन, पण माझ्या बहिणीला असतं तर मी इकडे पाठवलं असतं," म्हणून त्यांनी एक नाव लिहून दिलं. अकरा नावांच्या यादीत ते नव्हतं.

दुसऱ्या भेटीला मावशी कागदावर प्रश्न लिहून घेऊन गेली. बँकेत आयुष्य गेलेलं, आकड्यांना ती घाबरत नाही. वर्षाला पॅराथायरॉइडची किती करता? सहा महिन्यांनी किती जणांचं कॅल्शियम नीट असतं, तुम्ही लिहून ठेवता का? किती जणांचा आवाज गेला? ऑपरेशन चालू असताना पीटीएच तपासता का? हा शेवटचा प्रश्न मी घालायला लावला होता. पीटीएच रक्तात काही मिनिटांतच अर्धं होतं, म्हणून गाठ काढल्यावर दहा मिनिटांनी ते निम्म्याच्या खाली उतरलं तर टेबलावरच कळतं की खरी गाठ निघाली. आणि शेवटी मावशीने स्वतःचा प्रश्न विचारला, "नेहमीच्या जागी नाही सापडली तर दुसरीकडे कुठे बघाल?"

मला वाटलं होतं, एवढ्या प्रश्नांनी डॉक्टर वैतागतील. त्यांनी संगणकावर एक तक्ता उघडला आणि वर्षवार आकडे सांगितले, त्यांत न सापडलेलेही होते. मग प्रिस्क्रिप्शनचा कागद उलटा करून गळा काढला, त्यात थायरॉइडचं फुलपाखरू, आणि पेनाने एकेक फुली मारत गेले. इथे, मग इथे, अन्ननलिकेच्या मागे, मग थायमस, मग थायरॉइडच्या पोटात. सातव्या फुलीनंतर मावशी म्हणाली, "बास, कळलं."

गाठ निघाली दुसऱ्या फुलीपाशी, डाव्या बाजूला खाली, चिंचोक्यापेक्षा लहान. पीटीएच दहा मिनिटांत २३० वरून ४१ वर आलं. पुढचा महिनाभर मावशीच्या ओठांना आणि बोटांना मुंग्या यायच्या. इतकी वर्षं लुटली गेलेली हाडं आता रक्तातलं कॅल्शियम ओढून घेत होती. बिलरोथच्या रुग्णांचं दुखणं, पण सौम्य, गोळ्यांनी आवरण्याजोगं. सहा महिन्यांनी दवाखान्यातून फोन आला, कॅल्शियम करून घ्या आणि आकडा आम्हाला कळवा. ९.४ आलं. तिने कळवलं, आणि पलीकडच्या मुलीने तो तिच्यासमोर फोनवरच लिहून घेतला.